पत्र्याची चिमनी

जुन्या वस्तूंच्या लिलावात ‘दुर्मीळ’ म्हणजे आणखी चाळीस जणांकडे आहे. ‘आजोबांच्या संग्रहातली’ म्हणजे गेल्या आठवड्यात भंगारातून उचललेली. ‘तपासलेले नाही’ म्हणजे तपासलं, चालत नाही. आणि ‘दोष: काही नाही’ म्हणजे ज्या बाजूचा फोटो दिलेला नाही, त्या बाजूला काय असेल ते तुमचं तुम्ही ओळखा. ही भाषा येत नसेल तर माणसाने इंटरनेटवरच्या लिलावात हात घालू नये, सरळ दुकानात जाऊन नवी कोरी वस्तू घ्यावी, असं भुसाशेठचं मत होतं. त्याला ही भाषा मातृभाषेसारखी यायची. त्याच्या मातृभाषेविषयी त्याच्या बायकोचं मत वेगळं होतं, ते पुढे येईलच.

भुसाशेठ हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. काचसामानाच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं पॅकिंग खात्यात होता. लाकडी पेट्यांत भुसा भरून त्यात दिव्यांच्या काचा, बरण्या, झुंबरांचे लोलक निजवायचे आणि खिळे ठोकून रवाना करायचे. त्याच्या हातची पेटी फुटून परत आली असं एकदाही झालं नाही. पुढे भुशाच्या जागी फोम आला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शेठ हे खात्यात सगळ्यात कमी पगार त्याचा होता म्हणून लावलेलं. डोक्यातही तोच भरलाय का, असं विचारायची सोय त्या नावात होती आणि खात्यातल्या एकानेही ती वाया घालवली नाही.

कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी तो घरी येताना निळ्या काचेचा एक जुना दिवा घेऊन आला. साहेबांनी निरोपादाखल दिलेला. घरात त्याचा उपयोग शून्य, म्हणून त्याने तो लिलावाच्या साइटवर टाकला, तर दोन हौशी माणसं त्या दिव्यावरून इरेला पेटली. शेवटची बोली पाहून भुसाशेठने फोन बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, शून्यं मोज, मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाहीये. त्याला चष्मा नव्हताच. दुसऱ्या दिवशी तो आणखी दिवे शोधायला बाहेर पडला आणि तेव्हापासून हाच त्याचा धंदा झाला. घरं रिकामी करणाऱ्यांकडून खोकी उचलायची, साइटवर पडून राहिलेल्या वस्तू पडत्या भावात घ्यायच्या, वाट पाहायची, आणि ज्याला ती वस्तू हवीच आहे अशा वेड्याला विकायची. पत्र्याची खेळणी, कंदील, गजराची घड्याळं, दुर्बिणी, सुटे भाग. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली छतापर्यंत फळ्यांनी भरली. खिडकीशी टेबल, टेबलावर फोटो काढायला राखाडी कापड, शेजारी वजनकाटा आणि चिकटपट्टीची रिळं. पाहुणा आलाच तर त्याला उभं राहावं लागे, म्हणून पाहुणे येईनासे झाले. त्याचं कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही.

धंद्याच्या त्याच्या काही रीती होत्या. जुन्या वस्तूवर फडका मारायचा नाही, कारण धुळीखालचा मूळ रंग गेला की वस्तूचा जीव गेला. बोली लावायची ती अगदी शेवटच्या दहा सेकंदांत, तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही. जी वस्तू मनापासून हवी आहे तिच्याविषयी विकणाऱ्याला एक अक्षरही विचारायचं नाही. विचारलं की तो सावध होतो, भाव चढवतो, नाहीतर वस्तू मागे घेतो. आणि सगळ्यात कामाची रीत म्हणजे चुकीचं शोधायचं. कुणी तरी ‘दुर्बीण’ लिहिताना ‘दूर्बिण’ लिहितो, ‘कंदील’चा ‘कंदिल’ करतो. शुद्ध लिहून शोधणाऱ्यांना ती वस्तू दिसतच नाही, तिच्यावर बोली लागत नाही आणि ती मातीमोल जाते. भुसाशेठच्या वहीत अशा चुकीच्या शब्दांची दोन पानं भरलेली होती. रोज सकाळी चहा घेताना तो ती एकेक करून शोधायचा.

त्याची बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. म्हणजे लोकांना शुद्ध लिहिता येत नाही यावर अर्धं घर चालायचं आणि तिला येतं यावर उरलेलं अर्धं. कानावर लाल पेन्सिल अडकवूनच ती घरी यायची. भुसाशेठ विकायच्या वस्तूचं वर्णन लिहायचा आणि साइटवर चढवण्याआधी तिच्या नजरेखालून घालायचा. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि त्याचं जन्माचं वाकडं होतं. गिऱ्हाइकाला दिवा हवाय, व्याकरण नकोय, असं तो कुरकुरायचा. तुम्ही दुसऱ्यांच्या चुका शोधत फिरता, तशा तुमच्याही कुणी तरी शोधत असेल, असं ती म्हणायची, आणि पेन्सिल न थांबवता सगळं दुरुस्त करायची.

एका रकान्याला मात्र ती हात लावत नसे. तो रकाना दोषांचा. भुसाशेठ तो इतका प्रामाणिकपणे भरायचा की वाचून वस्तू घ्यावी की तिची कीव करावी ते कळू नये. पाठीवर ओरखडा, नखाएवढा. झाकण लागतं पण खूश होऊन लागत नाही. चावी मूळ नाही, गजराच्या घड्याळाची आहे. यावर त्याचं नाव झालं होतं. गिऱ्हाइकं परत यायची ती त्या रकान्यासाठी.

आणि घरात तिसरी होती ती मालकीणबाई.

हे नाव भुसाशेठनेच दिलेलं. पोरगी चालायला लागली तेव्हापासून फळ्यांवरच्या मालावर हक्क सांगायची. हे माझं, ते माझं, ते वरचंही माझं. त्यातलं पुढे विकलं गेलं की ती दोन दिवस बापाशी बोलायची नाही, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कशावर तरी हक्क सांगायची. एका खोक्यातून पत्र्याची चिमणी निघाली, मुठीएवढी, तपकिरी पाठीची. पंखाखाली चावी द्यायची की ती टेबलावर तुरुतुरु उड्या मारत चोच आपटायची. मूळ चावी हरवलेली, म्हणून भुसाशेठने तिला गजराच्या घड्याळाची चावी बसवली. ती जरा मोठी होती आणि फिरताना पंखाला टक टक लागायची. मालकीणबाईने चिमणी उचलली ती परत फळीवर ठेवलीच नाही. स्टुलावर चढायचं असलं, बुटाची नाडी बांधायची असली की चिमणीची शेपटी दातांत धरायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. सहा वर्षांची होती. समोरचा एक दात नुकताच पडलेला. शेपटीवर तीन बारीक खड्डे पडले, मग मध्ये फट, मग चौथा.

तिला ‘ण’ म्हणता येत नसे. पानी, गानं, कोन आलं. छापखान्यात सगळ्या गावाचे न-ण सुधारणारी बाई घरात मात्र हरायची. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिची शिकवणी चालायची. जीभ वर लाव, टाळूला लाव, म्हण चिमणी. पोरगी म्हणायची चिमनी. पुन्हा म्हण. चिमनी. पुन्हा म्हण. शेवटी दोघी हसायला लागायच्या आणि बाहेरच्या खोलीत पार्सल बांधणारा भुसाशेठ चिकटपट्टी दातांनी तोडत ऐकत असायचा.

सहा दिवसांच्या तापात ती गेली. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. सातव्या दिवशी दोघं घरी आली, बायकोने कुलूप उघडलं, भुसाशेठने चपला काढून फळीखाली सरळ लावल्या आणि आता काय करायचं ते दोघांनाही कळेना, म्हणून दोघं बराच वेळ उभीच राहिली.

भुसाशेठला वाटलं होतं की आपण मोडून पडू. तसं काही झालं नाही. त्याला काही वाटेचना. आणि काही वाटत नाही याचंही काही वाटेना. जेवण समोर आलं की जेवायचा, झोप आली की झोपायचा. तीन आठवड्यांनी एका दुपारी, बायको छापखान्यात गेलेली असताना, त्याने राखाडी कापड अंथरलं आणि फळीवरून एकेक वस्तू उतरवून फोटो काढायला सुरुवात केली. हात आपापलं काम करत होते. त्या दुपारी त्याने अकरा वस्तू साइटवर चढवल्या. दोन कंदील, एक रेल्वेचं पत्र्याचं इंजिन, एक दुर्बीण, असं करता करता सातवी ती चिमणी. ती फळीवर कशी आली होती हे त्याने स्वतःला विचारलं नाही. मालकीणबाईच्या उशाशी असायची ती. कुणी तरी आवरताना ठेवली असेल. त्याने चार बाजूंनी फोटो काढले, वजन केलं, वर्णन लिहिलं आणि सवयीने दोषांचा रकाना भरला. चावी मूळ नाही. शेपटीवर बारीक दातांच्या चार खुणा.

नजरेखालून घालायला बायको घरात नव्हती. अकराही वर्णनं तशीच गेली. दहा दिवसांनी चिमणी विकली गेली, मातीमोल. भुसाशेठने ती मऊ कागदात, मग फोमात, मग दुहेरी खोक्यात बांधली. पोस्टातल्या काउंटरवरच्या बाईने नेहमीप्रमाणे विचारलं, शेठ, आज काय फुटण्यासारखं? तो म्हणाला, काही नाही.

वर्षभराने बायकोने कपाटावरचं खोकं काढलं. मालकीणबाईच्या वस्तू तिने त्यात भरून चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. चिमणी त्यात नव्हती. ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीच्या दारात आली आणि चिमणी कुठे आहे ते विचारलं. विकली, भुसाशेठ म्हणाला. कधी, ते तिने विचारलं नाही. काय लिहिलं होतंत, ते विचारलं. त्याने फोनमध्ये जुनी नोंद काढली, आणि तिथे पहिल्याच ओळीत त्याला दिसलं की आपण ‘पत्र्याची चिमनी’ असं लिहिलंय. ण चा न. म्हणूनच मातीमोल गेली होती. कुणी तरी आपल्यासारखाच चुका हुडकणारा तिला उचलून घेऊन गेला होता. आता असल्या वेळी कुणाला शुद्धलेखनाची लाज वाटेल? पण भुसाशेठला वाटली, वर्षानुवर्षांची सवयच ती. त्याने फोन जरा स्वतःकडे वळवला आणि सगळं शुद्ध करून वाचून दाखवलं. पत्र्याची चिमणी, चालू स्थितीत, तपकिरी. दोष: चावी मूळ नाही, शेपटीवर बारीक दातांच्या चार खुणा.

ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

“दोष म्हणून लिहिलंत तुम्ही,” ती म्हणाली.

एवढंच. तिने आदळआपट केली नाही, रडली नाही, माहेरी गेली नाही. त्या दिवसापासून भुसाशेठच्या वर्णनांवरून तिने नजर फिरवणं मात्र बंद केलं, आणि कामापुरतं सोडून बोलणंही. गॅस संपलाय. किल्ली शेजारी ठेवलीय. अशी तीन वर्षं गेली. त्या घरात बोली म्हणून उरली ती पडद्यावर लागायची तेवढीच. भुसाशेठचा धंदा मात्र जोरात चालला, कारण आता कुठल्याच वस्तूवर त्याचा जीव जडत नव्हता. हातात येईल ते घ्यायचा आणि हातातून जाईल ते द्यायचा. लोकांना वाटे, माणूस मुरला. मुरला कसला, बधिर झाला होता. बसून बसून पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आपला वाटत नाही, तसा तो स्वतःला वाटत नव्हता.

फक्त एक गोष्ट तो न चुकता करायचा. वहीतले चुकीचे शब्द शोधून झाले की शेवटी स्वतःची चूक शोधायचा. चिमणी विकत घेणाऱ्याला त्याने पत्र लिहून पाहिलं होतं. त्याने ती पुढे विकली होती आणि कुणाला ते त्याच्या लक्षात नव्हतं. पण भुसाशेठला धंद्यातल्या लोकांचा आळस ठाऊक होता. घेतलेली वस्तू पुन्हा विकायला काढताना नवं वर्णन कोण लिहितो? आधीच्याचंच उचलून चिकटवतात, चुकांसकट. ‘चिमणी’ म्हणून शोधलं तर दिव्याच्या काचा, धुराडी, पक्ष्यांची चित्रं असा शेकड्यांनी माल वर येई. ‘चिमनी’ शोधलं की काहीच येत नसे. तीन वर्षं रोज सकाळी काहीच येत नव्हतं. त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं. दात घासल्यासारखं ते एक काम होतं.

आणि एका गुरुवारी ते आलं. पत्र्याची चिमनी, चालू स्थितीत, तपकिरी. त्याचंच वाक्य, त्याच्याच स्वल्पविरामांसकट. फोटोत पंखाखाली गजराच्या घड्याळाची ती मोठी चावी. चावी मूळ नाही, हेही खाली तसंच लिहिलेलं, फक्त ते वर्णनात घेतलं होतं. आणि दोषांच्या रकान्यात दोन शब्द: काही नाही.

भुसाशेठने फोटो मोठे करून पाहिले. तीन फोटो होते, तिन्ही समोरून आणि उजवीकडून. खुणा शेपटीच्या डाव्या अंगाला होत्या आणि त्या बाजूचा फोटोच नव्हता. त्याने मान हलवली. बरोबरच आहे. दोष लपवायचा म्हणजे असाच लपवतात. इतकी वर्षं ज्या लबाडीला तो नावं ठेवत आला होता, ती पाहून पहिल्यांदाच त्याचा जीव भांड्यात पडला. विकणाऱ्याला विचारावं का, असं क्षणभर मनात आलं. शेपटी डावीकडून दाखवता का, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. पण मनापासून हव्या असलेल्या वस्तूविषयी विचारायचं नाही. त्याने विचारलं नाही.

बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी मुद्रितं पसरून बसली होती. त्याने दारातून सांगितलं की चिमणी सापडली आहे, बुधवारी सकाळी साडेअकराला लिलाव संपतो. तिची पेन्सिल थांबली.

“खुणा आहेत?” तिने विचारलं.

“आहेत.”

“दिसतात फोटोत?”

“त्या बाजूचा फोटो दिलेला नाही. म्हणजे आहेतच.”

तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली की बुधवारी ती रजा टाकेल. तीन वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांबलचक होतं.

बुधवारी सकाळी ती स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसली. मालकीणबाई ज्यावर चढायची तेच स्टूल. वर्णन त्याने पडद्याबाहेर सरकवून ठेवलं होतं, बोलीचा रकाना तेवढा दिसत होता. त्यात एक बोली लागलेली होती, किरकोळ. भुसाशेठने आपल्या हिशेबाने एक आकडा मनात धरला होता, वस्तू पुढे किती जाईल त्याच्या निम्मा, नेहमीचा. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा त्याने तो आकडा टाइप केला आणि बोट वर धरून थांबला. ती म्हणाली, कमी पडलं तर? तिने हे धंद्याच्या भाषेत विचारलं नव्हतं हे त्याला कळलं. त्याने आकड्यापुढे आणखी एक शून्य टाकलं. नऊ सेकंद राहिले असताना बटण दाबलं. समोरच्याने एकदा चढवलं, दुसऱ्यांदा चढवलं, आणि मग वेळ संपली. चिमणी त्यांची झाली. बायकोने फक्त श्वास सोडला. त्या दुपारी तिने दोन कप चहा केला आणि एक त्याच्या टेबलावर आणून ठेवला. शेजारी उभी राहूनच तिने आपला प्यायला. पत्रा गंजला तर नसेल ना, खुणा झिजल्या तर नसतील ना, असं तिने विचारलं, आणि पत्र्यावरचा खड्डा कुठे जात नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं.

पार्सल सोमवारी आलं. बांधणी पाहून भुसाशेठच्या कपाळाला आठी पडली. एकेरी खोकं, आत चुरगळलेलं वर्तमानपत्र, कोपरा चेपलेला. चिमणी शाबूत होती हे नशीब. त्याने ती बाहेर काढून राखाडी कापडावर ठेवली आणि बाजूला सरकला. बायकोने हात पुसले. तिने चिमणी उचलली नाही. नुसतं तर्जनीचं टोक शेपटीच्या डाव्या अंगावर ठेवलं आणि हळूहळू मागे नेलं. मग पुन्हा पुढे आणलं. मग तिने चिमणी उलटी करून दुसरी बाजू चाचपली, आणि पुन्हा पहिली.

“नाहीत,” ती म्हणाली.

भुसाशेठने भिंग डोळ्याला लावलं. शेपटी गुळगुळीत होती. पत्रा आतून बारीक हातोडीने ठोकून सपाट केलेला, वरून घासलेला आणि त्यावर रंग दिलेला. रंग असा जुळवला होता की भिंगाशिवाय शंका येऊ नये. काम चोख झालं होतं. सुरीने रंग खरवडून उपयोग नव्हता, खाली काही उरलंच नव्हतं. त्याने तरी नखाने एकदा घासून पाहिलं.

मग त्याने विकणाऱ्याला विचारलं, जे विचारायला आता काहीच हरकत नव्हती. पाच मिनिटांत उत्तर आलं. “हो साहेब, शेपटीला कुणी तरी चावल्यासारखे चार खड्डे होते. विकायला काढायच्या आधी माझ्या हाताने काढून टाकले. म्हणून तर दोष काही नाही लिहिलं. मी खोटं लिहीत नाही. काही तक्रार आहे का?”

तक्रार नाही, असं भुसाशेठने लिहिलं. वीस वर्षं होत आली होती त्याला या धंद्यात. दोष काही नाही असं लिहिणारा आणि खरोखरच दोष ठेवलेला नसणारा माणूस त्याला आयुष्यात एकदाच भेटला, तो हा. त्याने उत्तर बायकोला वाचून दाखवलं. आपण विचारलं नाही, हेही सांगितलं. ती स्टुलावर बसली होती आणि चिमणी तिच्या मांडीवर होती. खिडकीखाली बस थांबली आणि गेली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, ही तीच कशावरून? असल्या पुष्कळ असतील. खुणा नाहीत, मग दुसरीच कुठली तरी आणलीत.

तिला तसं व्हायला हवं होतं. ती चिमणी अजून कुठे तरी आहे, दातांच्या खुणांसकट, असं. भुसाशेठने हो म्हटलं असतं तर दोघांनाही सोपं गेलं असतं. पण दोषांचा रकाना खोटा भरायची त्याला सवय नव्हती. त्याने चावी दाखवली. ती म्हणाली, चावी कुणीही बसवेल. मग तो म्हणाला, वर्णन माझं आहे, शब्द न् शब्द माझा आहे, त्यावरूनच शोधली.

“दाखवा,” ती म्हणाली.

त्याने फोन पुढे केला नाही. तिने हात लांब केला तसा मग दिला. ती वाचायला लागली, मुद्रित वाचतात तशी, एकेका शब्दावर थांबत. सवयीने कानावरची पेन्सिल हातात आली होती. दुसऱ्या शब्दाशी ती थांबली ती पुढे गेलीच नाही.

घाईत झालं असेल, भुसाशेठ म्हणाला. त्या दिवशी तू घरात नव्हतीस.

“तुमचं सगळं चुकतं,” ती म्हणाली. “ऱ्हस्व चुकतं, दीर्घ चुकतं. न-ण कधी चुकलेलं नाही. एकदाही नाही. मी तुमचं हजारदा तपासलंय.”

तिने फोन त्याच्यासमोर धरला.

“हे तुमचं नाही,” ती म्हणाली. “हे तिचं आहे.”

भुसाशेठने तो शब्द पाहिला. तीन वर्षं रोज सकाळी त्याने तो टाइप केला होता, हजारावर वेळा, आणि तो त्याला फक्त चूक वाटत होता, कामाची चूक. त्या दुपारी हात चालत होते आणि आपल्याला काही वाटत नव्हतं, एवढंच त्याला आठवत होतं. पण सातव्या वस्तूचं नाव लिहिताना ते घरात ज्या आवाजात ऐकलं होतं तसंच बोटांतून उतरलं होतं, आणि पुढे दोन-तीन दुकानदारांच्या हातांतून जसंच्या तसं फिरून परत आलं होतं. कुणी ते ठोकून सपाट केलं नव्हतं. त्याच्या छातीत काही तरी इतकं जोरात दुखलं की त्याने टेबलाची कड धरली. त्याला वाटलं हे आजारपण आहे. मग कळलं की नाही, हे ते आहे, जे चार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

बायकोने पेन्सिल पडद्यावर टेकवली नव्हती. ती तिने परत कानावर ठेवली.

“म्हणून दाखवा,” ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. जीभ सवयीने टाळूकडे जायला निघाली होती, ती त्याने खाली आणून दातांमागे लावली.

“चिमनी,” तो म्हणाला.

ती डोळे मिटून बसली होती. चिमणीची चावी तिने मुठीत धरली होती.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.